साठ ग्रॅमचा पासंग

१३ सप्टेंबर, शुक्रवार. अल नहदा, शारजा

गौरी-गणपती उठले, मखर अजून हॉलमध्येच. सकाळी ७.१० ला अन्वरभाईंचा फोन. मालक सहसा आठच्या आत फोन करत नाहीत.

"दत्ताभाई, मादागास्करवाले आठों कांटे रिजेक्ट."

जूनमध्ये पाठवलेले. तिथली देशांतर्गत विमान कंपनी, छोटी विमानं, बेटातल्या बेटात उडणारी. माणसांनाही सामानासकट काट्यावर उभं करून तोलतात. त्यांच्या सरकारी इन्स्पेक्टरनं ८० किलोची वजनं ठेवली, काट्यानं ७९.९४ दाखवलं. साठ ग्रॅम कमी. आठही काट्यांवर तेवढंच.

आठही काट्यांवर माझं स्टिकर. 'तपासले', तारीख, सही. १९ वर्षांत माझा एक काटा परत आलेला नाही.

वर्कशॉपवर निनाद म्हणाला (आमचा इंजिनीअर, पुण्याचा, वय २९), "काका, ट्रान्सपोर्टमध्ये हलले असतील." म्हटलं, काटा आपटला तर प्रत्येक आपापल्या परीनं बिघडतो. आठ भावंडं एकच खोटं बोलत असतील तर कुणीतरी पढवलेलं असतं.

माझं मत: इन्स्पेक्टरची वजनंच हलकी. भिंतीवर मी ऑइल पेंटनं लिहिलंय ते उगाच नाही: 'काट्याला देश नसतो.' निनाद ते वाचत उभा राहिला, काही बोलणार होता, मग चहा आणायला गेला.

१५ सप्टें., रवि.

अन्वरभाई: "खुद जाओ. उनका इन्स्पेक्टर झूठा निकला तो चाय पिला के आओ. तुम झूठे निकले तो..." तीस काट्यांची पुढची ऑर्डर याच्यावर अडली आहे, ते मला माहीत आहे. त्यांना माझ्या सहीची काळजी नाही, ती मला आहे.

सोबत माझी स्वतःची वजनं. २० किलोचे चार बिडाचे ठोकळे, गेल्याच महिन्यात लॅबमधून तपासून आणलेले. लाकडी पेटी, आत फेल्ट. हात न लावता, कापडानं उचलून ठेवले. घामाचंसुद्धा वजन असतं.

वर्षा: "अहो, शर्ट दोन घेतलेत आणि लोखंड ऐंशी किलो."
ईशा (अकरावीत गेल्यापासून सगळ्यांत बोलते): "बाबा, यू आर टेकिंग अ बॉक्स ऑफ आयर्न ऑन अ हॉलिडे."
हॉलिडे नाही, म्हटलं. तपासणी आहे.

पेटी बंद करताना मिरजेचे बाबूराव उस्ताद आठवले. काटेदुरुस्तीच्या दुकानात दहावी नापास मुलगा म्हणून उभा राहिलो, पहिल्या दिवशी त्यांनी हातात रिकामी तागडी दिली. "आधी पासंग बघ." रिकामी तागडीसुद्धा सम नसते. एक पारडं हट्टानं वर जातं. त्यात खडा, नाहीतर तारेचा तुकडा बांधून ती सम करायची. तो तुकडा म्हणजे पासंग. मालाला हात लावायचा तो त्यानंतर. बाकी सगळं मी मॅन्युअल वाचून शिकलो, डिक्शनरी शेजारी ठेवून. हे एक त्यांचं.

१७ सप्टें., मंगळ. मादागास्करची राजधानी

मॉरिशसला विमान बदललं. हे शहर पठारावर आहे, समुद्रापासून बाराशे ऐंशी मीटर वर. हवा पाचगणीसारखी. माती मात्र लाल, कोकणापेक्षा लाल.

विमान कंपनीचा लोडिंग ऑफिसर न्यायला आला. नाव हेरी. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, सावकाश बोलतो. मी काट्याकडे जवळजवळ धावत निघालो तर म्हणाला, "मोरा मोरा, मिस्टर दत्ता." म्हणजे हळूहळू. आपल्या दुबईतला 'यल्ला', म्हणजे 'चल, पटकन', उलटा केला की हे होतं.

पाणसळ लावून काटा सपाट केला. अर्धा तास गरम होऊ दिला. शून्य पाहिलं. माझी चार वजनं ठेवली.

७९.९४

उतरवली, पुन्हा ठेवली. चार कोपऱ्यांत. क्रम बदलून. बॅटरीवर. दुसरा काटा. तिसरा.

७९.९४. ७९.९४. ७९.९४.

माझीच वजनं, माझाच काटा. दुबईत याच वजनांना याच काट्यांनी ८०.०० दाखवलं होतं, रजिस्टरला नोंद आहे.

हेरी हळूच म्हणाला, "सो द इन्स्पेक्टर इज नॉट लायर?"
मी चहा नको म्हटलं. मी चहाला कधी नको म्हणत नाही.

१८ सप्टें., बुध.

इन्स्पेक्टरनं आठही काटे राजधानीतच तपासले होते; दुसरे येईपर्यंत हेच वापरात, पाच इथे, तीन किनाऱ्यावरच्या छोट्या विमानतळांवर. तेही बघितलेच पाहिजेत. त्यांच्याच विमानानं गेलो.

आयुष्यात इतकी विमानं बघितली, पण विमान *भरताना* कधी बघितलं नव्हतं. एकोणीस सीटा, दोन पंखे. काउंटरवर माझा काटा. एकेक माणूस येतो, चप्पल घालून, पिशवी हातात धरून उभा राहतो, हेरीचा माणूस आकडा कागदावर लिहितो. कुणी लाजत नाही. एक आजी काट्यावर चढल्या, ४१.२०. त्यांनी आकडा बघितला आणि मागच्या बाईला काहीतरी सांगितलं, सगळी रांग हसली. हेरीनं अर्थ सांगितला: "गेल्या वेळी ४३ होते. सुनेचा स्वयंपाक."

मी ८४.६०, बॅगेसकट.

मग माझी पेटी. ८५.९०. हेरीनं विचारलं, सामानात की सीटवर? मागचा भाग जड होत होता. म्हणून पेटीला सीट मिळाली, ३ ए, पट्टा लावून. पॅसेंजर यादीत नाव पाहिजे, त्यानं लिहिलं 'मिस्टर दुबई'. मी ३ बी. एकोणीस वर्षं ज्यांना उचलतोय ते आज माझ्या शेजारी खिडकीत बसले.

कॅप्टन बाई. पस्तिशीची. दार नाहीच, तिची पाठ आणि सगळे डायल दिसतात. गुडघ्यावर तोच कागद, माझ्या काट्यावरून उतरवलेले आकडे. बोटानं खालपर्यंत गेली, बेरीज करून बघितली, मग इंजिन.

उडालो तेव्हा मी डोळे मिटले नाहीत. मिटायचं ठरवलं होतं.

काय लिहू. खाली डोंगर, त्यांना मोठमोठे लाल ओरखडे, माती वाहून गेलेली. नद्या विटकरी. भाताची खाचरं आरशाच्या तुकड्यांसारखी, प्रत्येकात एकदा सूर्य लखकन येऊन जायचा. सव्वा तास गाव दिसेना. मग डोंगर संपले, आणि एक लाल नदी निळ्या समुद्रात शिरताना दिसली. मिसळत नव्हती. बऱ्याच आतपर्यंत लालची लालच.

हे सगळं तरंगत बघायला मिळालं ते कशाच्या जोरावर? त्या कागदाच्या. कागद माझ्या काट्याच्या जोरावर. आणि माझा काटा साठ ग्रॅम खोटा.

किनाऱ्यावर उतरल्याबरोबर तिथला काटा लावला, तीच चार वजनं.

७९.९६

साठ नाही. चाळीस.

१९ सप्टें., गुरु.

दुसरा किनारी विमानतळ. ७९.९६. दमटपणा? काल कोरडं होतं, आज ओलं, आकडा तोच. उष्णता? सकाळी सहाला आणि दुपारी एकला, तोच.

पठारावर साठ. किनाऱ्यावर चाळीस. दुबईत शून्य. काटे वेगळे, वजनं एकच. म्हणजे काट्यांचा दोष नाही. मग वजनांचा? लोखंड विमानात बसून हलकं होतं आणि उतरलं की थोडं परत येतं? असं मिरजेच्या बाजारात कुणी म्हणालं असतं तर बाबूरावांनी त्याला पाणी पाजून घरी पाठवलं असतं.

२० सप्टें., शुक्र.

तिसरा विमानतळ, ७९.९६. तिथून राजधानीला परत निघायचं होतं. दुपार, ऊन मरणाचं. धावपट्टी आखूड. सगळे तोलून झाले, कॅप्टन बाईनं कागदावर बोट फिरवलं आणि मान हलवली. चौदा किलो जास्त.

शेवटी आलेली दोघं बाजूला झाली. म्हातारा, डोळ्याला पट्टी, राजधानीत ऑपरेशनची तारीख, बरोबर मुलगी. मुलीनं वडिलांच्या हातातली पिशवी स्वतःच्या हातात घेतली, एवढंच. पुढचं विमान सोमवारी.

मी म्हटलं, मिस्टर दुबई पूर्ण नको. एक ठोकळा उतरवा. वीस किलो.

हेरी चमकला. "बट युवर टेस्ट?"
साठ किलोवर करीन, म्हटलं. प्रमाण तेच राहतं.

ते वजन आजवर मी कुणाच्या ताब्यात दिलेलं नाही. विमानतळावरच्या बाईनं ते टॉवेलात गुंडाळलं आणि तान्हं मूल घ्यावं तसं आत नेलं.

कॅप्टन बाई जिन्यापाशी होती. इंग्रजी बरं बोलते. मी म्हटलं, मॅडम, साठ ग्रॅमनं तुम्हाला काय फरक पडतो? चौदा किलो कळतं, पण साठ ग्रॅम?
म्हणाली, "साठ ग्रॅमनं काही नाही. पण वजन मला दिसत नाही. ढग दिसतो, धावपट्टी दिसते, वारा त्या कापडी नळीवर दिसतो. वजन फक्त तुमचा काटा सांगतो. मी तुमच्या स्टिकरवर उडते."

म्हातारा माझ्या पुढच्या सीटवर. उडाल्यावर त्यानं पट्टी नसलेला डोळा काचेला लावला. नंतर मागे हात करून माझ्या गुडघ्यावर थोपटलं. कुणी सांगितलं त्याला, कोण जाणे.

२१ सप्टें., शनि. राजधानी

६० किलो ठेवले. ५९.९६. ऐंशीला साठ कमी, तर साठला पंचेचाळीस. काटा वीस-वीस ग्रॅमच्या टप्प्यांनी दाखवतो, म्हणजे बरोबर.

कागदावर तीन ओळी केल्या. दुबई ०. किनारा ४०. पठार ६०. बघत बसलो. उंची? पण किनारा आणि दुबई दोन्ही समुद्रालगत, मग चाळीस कुठून?

घरी फोन लावला. वर्षा मखर उतरवत होती. ईशानं फोन घेतला, मी तिला आकडे वाचून दाखवले, असंच, मोठ्यानं विचार करावा तसे.

ती म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट जी."
"कोण जी?"
"ग्रॅव्हिटी! इट्स नॉट द सेम एव्हरीव्हेअर. नीअर द इक्वेटर इट्स लेस. हायर अप इट्स लेस. चॅप्टर एट, बाबा. वी हॅड अ टेस्ट ऑन इट."

मी कागदावरच्या तीन ओळी पुन्हा वाचत होतो. ती: "हॅलो? आर यू देअर?"

आहे, म्हटलं. इथेच आहे. थोडा हलका आहे.

हसली. तिला वाटलं विनोद केला.

मग बॅगेतून डिस्प्लेचं मॅन्युअल काढलं. १९ वर्षं जे माझ्या उशाशी आहे. पान ४१: ज्या ठिकाणी काटा वापरणार तिथलं गुरुत्व भरा. त्या पानावर माझ्याच अक्षरात, पेन्सिलीनं, तिरपी रेघ आणि 'गरज नाही'. दुबईत वजनं ठेवायची, दुबईतच वापरायचे, गरज नव्हतीच. पुढे काटे बाहेर जायला लागले. रेघ तशीच राहिली.

बाहेर येऊन उभा राहिलो. टेकडीवर घरं, खाली भाताची खाचरं, मुलं फुटबॉल खेळत होती. सगळ्यांना जमीन धरून होती, दुबईपेक्षा किंचित सैल हातानं. आणि हे माझ्या लोखंडाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते खरंच सांगत होतं. मी त्याला पुन्हा पुन्हा उतरवून ठेवत होतो, खोटं पकडल्यासारखा.

पृथ्वीलासुद्धा पासंग आहे. बाबूराव, ऐकताय का.

२३ सप्टें., सोम.

वीसचा ठोकळा सकाळच्या विमानानं आला. टॉवेल धुतलेला. सीट दिली होती म्हणे त्यालाही.

पाचही काटे इथल्या जमिनीवर, इथल्या गुरुत्वाला लावले. ८०.०० ला आणले. किनाऱ्यावरच्या तिघांसाठी तिथले आकडे भरायचं हेरीला शिकवलं, त्यानं तीन वेळा करून दाखवलं, मोरा मोरा, एकही चूक नाही. इन्स्पेक्टर आला. बारीक माणूस, माझ्यासारखाच खिशात दोन पेनं. ठेवली वजनं, बघितला आकडा, मान डोलावली. मी त्याला चहा पाजला. मी त्याला मनात खोटा म्हटलं होतं, तेही सांगितलं. त्याला कितपत कळलं माहीत नाही, पण हात धरून ठेवला.

नवीन स्टिकरवर एक ओळ वाढवली. सहीखाली जागेचं नाव.

म्हाताऱ्याचं ऑपरेशन झालं. हेरीनं कळवलं.

२५ सप्टें., बुध. शारजा

घरी. जमीन घट्ट वाटते. मनाचे खेळ, मला समजतं.

ईशानं जेवताना आणखी एक सांगितलं. "टेक्निकली बाबा, द प्लेन फील्स द सेम जी. सो फॉर द प्लेन युवर स्केल वॉज राइट!" म्हणजे विमानाला जेवढं ओझं खरोखर उचलायचं होतं, तेवढंच माझा काटा सांगत होता. चुकीचा काटा, बरोबर उत्तर.

हे वाक्य रिपोर्टात टाकलं तर माझी चूक चूक राहत नाही. अन्वरभाई टाळी देतील. पण काट्यावर 'किलो' लिहिलंय. किलो म्हणजे वस्तू किती आहे. जमीन तिला किती ओढते ते नव्हे. कायदा तेच म्हणतो. त्या काट्यावर उद्या कुणी विकायच्या व्हॅनिलाच्या शेंगा तोलेल.

रिपोर्टात लिहिलं: 'कारखान्यात स्थानिक गुरुत्व भरले गेले नाही. चूक माझी.' वर्षानं वाचलं. म्हणाली, "'भरले गेले नाही' कशाला? 'मी भरले नाही' लिहा ना." बदललं.

२६ सप्टें., गुरु. वर्कशॉप

अन्वरभाई खूश. "ऑर्डर पक्का. खलास."

निनादला गाठलं. म्हटलं, तुला हे ठाऊक होतं?
तो स्क्रू-ड्रायव्हर फिरवत राहिला. "कॉलेजला होतं, काका. वाटलं, तुम्हाला माहीतच असेल. आणि तुम्ही भिंतीवर..." तिकडे बघितलं त्यानं. "तुम्हाला कोण सांगणार?"

हे पठारावरच्या आकड्यापेक्षा जड गेलं. वर्कशॉपमध्ये बारा माणसं. एकाची हिंमत होत नाही, अशी मी हवा करून ठेवली.

दुपारी रजिस्टरं काढली. १९ वर्षांची. बाहेरदेशी गेलेल्या प्रत्येक काट्यापुढे त्या शहराची उंची लिहीत गेलो. शारजा, अजमान, मस्कत ठीक. मग नैरोबी. मग आदिस अबाबा, अकरा काटे, कॉफीच्या गोदामाला, तेवीसशे मीटरच्या वर. ऐंशी किलोला शंभर ग्रॅमच्याही पुढे जाईल. अकराही स्टिकरांवर माझी सही, आणि जागेचं नाव नाही.

तिथं पोचल्यावर कुणी दुरुस्त केले असतील तर उत्तम. मला ठाऊक नाही.

अन्वरभाईंना दाखवलं. रजिस्टर मिटून माझ्याकडे सरकवलं. "किसी ने शिकायत की? नहीं ना? हबीबी, सोए हुए को क्यों जगाना."
म्हटलं, भाई, कोई उस पे भरोसा कर रहा है.
"तो करने दो!"

२८ सप्टें., शनि.

आदिसला पत्र लिहिलं. ईशानं इंग्रजी तपासलं. तिनं एकच शब्द बदलला, आणि विचारलं, "विल यू गेट इन ट्रबल?" इन्शाल्ला नाही, म्हटलं. ती खुर्ची ओढून बसली आणि नैरोबीच्या पत्राचा मसुदा स्वतः टाइप करायला घेतला.

निनादला म्हटलं, मला पान ४१ नीट शिकव. तो आधी घाबरला. मग फळ्यावर पृथ्वी काढली, जरा चपटी. दीड तास शिकवलं. चांगला शिकवतो.

भिंतीवरचं वाक्य पुसायला टर्पेंटाइन घेऊन गेलो होतो. नाही पुसलं. 'नसतो' मधला 'न' तेवढा खरवडून त्या जागी 'अ' रंगवला. आता वाचता येतं: काट्याला देश असतो.

३० सप्टें., सोम.

कंपनीच्या लेटरहेडवर दोन्ही पत्रं शनिवारपासून अन्वरभाईंच्या टेबलावर. त्यांच्या सहीशिवाय जाणार नाहीत. आज दोनदा केबिनमध्ये गेलो. पहिल्यांदा पत्रांवर कप होता. दुसऱ्यांदा कप बाजूला, चष्मा पत्रांवर. वाचली असावीत. बोलले फक्त, "कल देखते हैं, दत्ताभाई."

संध्याकाळी वर्षा मुंबईला जायची बॅग भरत होती. नेहमीसारखं म्हणाली, "अहो, उचलून सांगा." माझा हात अर्धा किलोसुद्धा चुकत नाही, घरात सगळ्यांना माहीत आहे.

उचलली. "तेवीस." मग म्हटलं, "इथे."
"इथे म्हणजे?"
"शारजात."
"आणि मुंबईत?"
मनात हिशेब केला. "आठ ग्रॅम कमी."
"बरं झालं," म्हणाली. "देऱ्याच्या बाजारातून आईसाठी केशर आणायचं होतं. तेवढं बसेल."

उद्या आठला अन्वरभाईंच्या केबिनबाहेर. सोबत माझं पेन नेणार आहे, त्यांचं नेहमी सुकलेलं असतं.